लाईट गेली व्हती का?

न्हाई, न्हाई, तिकडून न्हाई दादा, त्या दाराला कुलूप हाय — थांबा, किल्ली माझ्याच कमरेला असते, मी उघडते. कुलूप हल्लीच लावलंय. आधी ह्या शेडला नुसती कडी व्हती, कोंबडं पण चोचीनं उघडंल अशी. या, डोकं सांभाळा, पत्रा खाली हाय. चपला राहू द्या बाहेर, आत पिल्लांचं काम, बाहेरची घाण नको — व्हय, तिथंच. आन् एक विचारू का? राग मानू नका. शिरूरहून आलात म्हणता. शिरूरची गाडी ह्या वरच्या रस्त्यानं येती, शाळेपुढनं. तुमची गाडी पुलाकडून आली. मी ओट्यावर लसूण सोलत बसले व्हते, म्हणून दिसलं. पुलापलीकडं तर दौंड तालुका लागतो. — पेट्रोल भरायला गेला व्हता? पुलापलीकडं? बरं. असंल. मी आपली विचारते, दुसरं काय. हल्ली विचारल्याशिवाय कुणाला आत घेत न्हाई मी. आधी अशी नव्हते. आधी वाटंनं जाणाऱ्याला पण हाक मारून पाणी पाजायचे.

हे बघा, हेच ते. उबवणीचं मशीन. हसू नका, कपाटच हाय ते, सासूबाईंचं कपड्याचं कपाट, त्याला आतून थर्माकोल लावलाय आन् दाराला काच बसवलीय. आत अंडी हायत आत्ता, गावरान, नुकतीच भरलीत, तवा जपून. आन् ह्या स्टुलावर कम्प्युटर. कंपनीनं जुना म्हणून काढून टाकला, तो भावजींनी आणला. मल्हार भावजी — माझे धाकटे दीर — तवा रांजणगावला कंपनीत व्हते, इलेक्ट्रिकच्या खात्यात. आन् ही मागची जाड वायर बघा, हिचं तोंड बघा केवढं. ह्या भोकात पूर्वी प्रिंटर लावायचे म्हणे. आमच्या लेकीच्या, स्नेहलच्या लॅपटॉपला असलं भोकच न्हाई, म्हणून तर हा म्हातारा अजून संभाळलाय. भावजींनी ह्याला प्रिंटर कधी लावलाच न्हाई. ती वायर आणून ह्या लाकडाच्या फळीवर जोडली. मला समजावून सांगितलं व्हतं, इथंच, पाटावर बसवून. म्हणाले, वहिनी, ह्याला वाटतं पलीकडं प्रिंटर हाय, तो तारांमधनं अक्षरं पाठवतो. आपण अक्षरांच्या जागी बल्ब, पंखा आन् अंडी फिरवायची मोटर जोडू. तारंतला करंट मुंगीएवढा, बल्बाला लागतो बैलाएवढा, म्हणून मधी ह्या काळ्या डब्या, रिले. टक वाजली की बल्ब लागतो, टक वाजली की जातो. आन् उलटीकडनं पण — प्रिंटरातला कागद संपला की तो कम्प्युटरला कळवतो ना, त्या तारंला त्यांनी ही आतली गरमी ओळखणारी डबी जोडली. आत जास्त गरम झालं की ह्याला वाटतं कागद संपला. मग हा बल्ब बंद करतो. थंड झालं की कागद आला, परत चालू. मी हसले व्हते. म्हणलं, खोटं सांगून राबवता व्हय हो बिचाऱ्याला? तर म्हणाले, खोटं न्हाई वहिनी, त्याला जी भाषा येती तीच बोलतो आपण.

तवा कौतुक वाटलं व्हतं. आता वाटतं, जो माणूस मशीनला इतक्या सफाईनं फसवतो, त्याला माणूस फसवायला कितीसा वेळ लागतो?

बसा, उभं राहून का काम करायचं. ते स्टूल घ्या. — म्हंजी कसं झालं, म्हस्कू मामंजी गेले, आन् वाटण्या झाल्या. भांडण न्हाई, काय न्हाई. मामंजींचा जन्म मेंढरांमागं गेला, त्यांनी हयातीतच सांगून ठेवलं व्हतं कुणाला काय, त्याप्रमाणं झालं. भावजी बायको-लेकरांना घेऊन दौंडला गेले, स्टेशनाकडं दुकान टाकलं, मोबाईल दुरुस्तीचं. जाताना सगळं नेलं — जातं नेलं, पाटा नेला, सोप्यावरचं घड्याळ नेलं. मशीनचं नाव न्हाई काढलं. स्वतःच्या हातानं केलेली वस्तू, आन् एका शब्दानं मागितली न्हाई. मला तवाच खटकलं. हक्काचं जे माणूस मागत न्हाई, त्याच्या मनात काय तरी असतंय. ह्यांना म्हणलं — माझ्या मालकांना — तर हे म्हणाले, अगं, तुला पिल्लांची आवड म्हणून ठेवलंय त्यानं. हे असेच. ह्यांच्या कानात कुणी पाणी ओतलं तरी म्हणतील, कान धुवून दिला.

म्हणून मीच विचार केला. स्नेहल सुट्टीला आली व्हती कॉलेजातनं, तिला म्हणलं, ह्याला कुलूप लागतं का गं? दाराला लावलंय, पण भावजींना ह्या शेडचा पत्रा न् पत्रा माहीत. आत आले, बसले आन् कम्प्युटरात काय तरी बदलून गेले, तर मला कळणार पण न्हाई. तर ती म्हणाली, पासवर्ड लावू. लावला. आता चालू केला की आधी पासवर्ड मागतो, तो टाकल्याशिवाय पुढं सरकत न्हाई. चांगलं केलं ना? — काय बघताय? चांगलंच केलं. हा बघा, बंद करून परत चालू केला. मान तिकडं फिरवा, टाकून दाखवते. फिरवा म्हणते ना, सगळी. हां. बघा आता. हे निळं आलं, ही आकडे फिरणारी खिडकी आली, झालं, लागला कामाला.

लाईट? लाईटीचं काय विचारता, गावात राहता न् — व्हय, रोज जाती. शेतीची लाईट पाळीपाळीनं येती, ती बदलताना घरची पण जाती, लगेच येती. कम्प्युटर तेवढ्यात बंद पडून परत चालू व्हतो, बॅटरीचा डबा कवाच मेलाय. आधी? आधी लाईट आली की ह्या सगळ्या डब्या एकदम टकटक वाजायच्या, कपाटातले सगळे बल्ब भक्कन लागायचे, आन् चहात साखर विरघळंस्तोवर आपापले शांत व्हायचे. मी पहिल्यांदा भ्याले व्हते. भावजी म्हणाले, झोपंतनं उठलाय वहिनी, हातपाय ताणतोय. उठू द्या, मग कामाला लागंल. — आता? आता मी कुठं बघत बसते? लाईट आली की येते आन् पासवर्ड टाकते. कधी लगेच, कधी तव्यावरची भाकरी उतरवून. घरातच असते की मी. कुठं जाते?

एकदाच गेले. तेच तर सांगायचंय तुम्हाला. म्हंजी तुम्ही मिस्त्री, तुम्हाला घरातलं कशाला सांगायचं, पण ही फळी का काढायची ते कळाय नको? मशीनमधली अंडी भरत आली व्हती. दादा, तुम्ही कवा कान लावून ऐकलंय का? पिल्लू बाहेर यायच्या आधी अंड्यातनं बोलतं. बारीक. सकाळी मी काचेला कान लावला तर कपाटभर चिवचिव. मी ह्यांना म्हणलं, चला, शिरूरला जाऊन खाद्य आणू, आल्यावर पिल्लं बाहेर असतील, केंदूरच्या बाया न्यायला येणार हायत. गेलो दोघं. मार्केट यार्डात उशीर झाला, एसटी चुकली, दुसरीनं आलो. आले ती पिशवी खाली न ठेवता इथं आले. कुलूप जसंच्या तसं. आन् दाराच्या फटीत लग्नाचं कार्ड अडकवलेलं, हळद-कुंकू लावून, वर अक्षता. स्वप्नालीच्या लग्नाचं. भावजींची थोरली. मी दार उघडलं तर तोंडावर चुलीसारखी झळ आली. सगळे बल्ब चालू. पंखा फिरत व्हता, तो पण गरमच हवा फिरवत व्हता. मी काचेला कान लावला.

काय नव्हतं.

शेजारच्या सुषमानं सांगितलं, भावजी आले व्हते, दार वाजवलं, ओट्यावर बसले, शेडकडं गेले, मग गेले. तिची मालिका लाईटीमुळं अर्धी राहिली व्हती, म्हणून ती बाहेरच बसलेली. कुणी नसताना आले. शेडकडं गेले. आन् हे असं झालं. तुम्हीच सांगा, काय समजायचं? कुलूप? कुलूप व्हतं हो, पण वर पत्रा हाय, मागं जाळी हाय. ज्यानं शेड बांधली त्याला कुलपाचं काय? हे म्हणाले, कार्ड द्यायला आला व्हता तो. मी म्हणलं, कार्ड घरात द्यायचं असतं का शेडला?

मी फोन लावला. मी कधी आवाज चढवून बोलत न्हाई दादा, गावात विचारा कुणालाही. पण त्या दिवशी बोलले. म्हणलं, "भावजी, कार्डाबरोबर विष घेऊन आलात व्हय?" तिकडं पाव्हणे बसले असणार, बायांचा आवाज येत व्हता, भांड्यांचा येत व्हता. तो सगळा थांबला. फोन मोठ्यानं लावलेला असणार त्यांनी, सगळ्यांनी ऐकलं. मला वाटलं आता शिव्या देतील, न्हाईतर रडतील, न्हाईतर शपथ घेतील. माणूस खरा असला तर काय तरी करतोच की. काय म्हणाले ठाऊक हाय? एवढंच म्हणाले —

"वहिनी, लाईट गेली व्हती का?"

ऐका. माझी पिल्लं अंड्यात शिजली, आन् हा माणूस लाईटीचं विचारतो. मी फोन ठेवला. मला तर तिथंच खात्री झाली. ज्यानं केलं न्हाई तो म्हणतो, मी न्हाई केलं. ज्यानं केलं तो विषय बदलतो.

तवापासून बोलणं न्हाई. उद्या लग्न हाय, दौंडला, कार्यालयात. आज हळद. आमच्या घरात पहिली हळद थोरली चुलती लावती, माझ्या लग्नात पण तसंच झालं, सासूबाईंच्या पण. मी न्हाई जाणार. ह्यांना सांगितलं, तुम्हाला जायचं तर जा, मी तुमचं ताट वाढून ठेवणार न्हाई आन् विचारणार पण न्हाई कसं झालं. सकाळी पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली आन् सोसायटीत मीटिंग हाय म्हणून गेले. सोसायटीच्या मीटिंगला इस्त्री. असो. — स्वप्नाली? तिचं काय. ती ह्याच शेडमध्ये लहानाची मोठी झाली. पहिलं पिल्लू बाहेर आलं की तिला शाळेतनं बोलवायला लागायचं, न्हाईतर रुसायची. तिनं पण फोन केला व्हता, परवा. मी उचलला न्हाई. तिचं काय चुकलं, चुकलं न्हाई, पण उचलून बोलायचं काय? तुझ्या बापानं असं केलं, असं सांगायचं का हळदीच्या अंगाला?

तर जाऊ द्या. ही फळी काढा आन् तो नवा कंट्रोलर बसवा, ज्याला कम्प्युटर लागत न्हाई. फोनवर तसंच ठरलं ना. मग त्यांचा हातच लागायला नको ह्या मशीनला. काढा तुमची — दादा, तुमच्या पिशवीत काय हाय? न्हाई, सहज. एवढी चपटी पिशवी. कंट्रोलर म्हंजी डबा असतो, मी स्नेहलच्या मोबाईलवर बघितलाय, विटंएवढा. तुमच्याकडं तर नुसता पेचकस आन् टेस्टर दिसतोय. — गाडीला अडकवलाय? गाडीला काय अडकवलेलं न्हाई, मी बघितली ना गाडी. — आधी बघून मग आणणार? मग फोनवर का न्हाई सांगितलं? तुमचा नंबर मला ह्यांनी दिला. म्हणाले शिरूरचा माणूस हाय, जुन्या कम्प्युटरातला दर्दी हाय. तुमचं नाव काय म्हणालात? सावळाराम. कुठले सावळाराम?

ओ, ओ — काय करताय? मेन कशाला पाडला? आत अंडी हायत, सांगितलं ना. आन् थांबा. थांबा जरा. मेन स्विच खाद्याच्या पोत्यांच्या मागं हाय. बाहेरनं दिसत न्हाई. वायरमन आला तरी मला दाखवावा लागतो. तुमचा हात सरळ तिथं गेला. डोळे झाकून जावा तसा. मी सांगितला नव्हता. कुणी सांगितला? — स्विच सोडा आधी. मी बाई माणूस एकटी हाय म्हणून — न्हाई, मी घाबरत न्हाई, सुषमा हाकंच्या अंतरावर हाय. तुम्हाला भावजींनी पाठवलं ना? खरं सांगा. ही नवी अंडी पण —

बरं. चालू केलात. आता का चालू केलात? — बघू? काय बघू? हे रोजचंच. वाजल्या बघा डब्या. टक, टक, सगळ्याच. सगळे बल्ब लागले. सांगितलं ना तुम्हाला, लाईट आली की तसंच असतंय, झोपंतनं उठतोय तो, हातपाय ताणतोय. व्हईल आत्ता शांत. तुम्ही असे हात मागं बांधून का उभे? काय तरी करा की. — नुसतं थांबायचं? थांबते. मला काय घाई न्हाई. चहात साखर विरघळंस्तोवर —

विरघळली असंल आता.

अजून चालूच हायत. पंखा पण. हे पडद्यावर काय — पासवर्ड मागतोय. व्हय, तो मागतोच. तो टाकल्याशिवाय पुढं सरकत न्हाई, मीच — म्हंजी ती आकडे फिरणारी खिडकी येणार न्हाई. म्हंजी गरम झालं तरी ह्याला कागद संपल्याचं कळणारच न्हाई. तो अजून उठलेलाच न्हाई. नुसता हातपाय ताणून उभा.

आन् कुणी आलंच न्हाई तर? कुणी शिरूरला गेलेलं असलं, एसटी चुकली तर?

कपाट तापायला लागलं बघा. हात लावा. न्हाई, तुम्ही नका, सरका, सरका बाजूला, मला बसू द्या — मान फिरवायची गरज न्हाई. बघा. बघा काय लिहिते. बाजरी. इंग्रजीत. स्नेहल म्हणाली सोपं काय तरी ठेव आई. हे निळं आलं. ही खिडकी आली. टक. गेले बल्ब. टक.

लाईट गेली व्हती का, म्हणाले. सगळ्या पाव्हण्यांपुढं ते ऐकून घेतलं, आन् एवढंच विचारलं. व्हय, गेली व्हती. सुषमाची मालिका अर्धी राहिली. ते मला ठाऊक व्हतं हो, त्याच दिवशी ठाऊक व्हतं.

बसू नका आता. चहा न्हाई करत, वेळ न्हाई. तो पासवर्ड तेवढा काढून टाका, मला काढता येत न्हाई. फळीला हात लावू नका, ती राहू द्या तिथं. काढला? परत एकदा मेन पाडून चालू करा. बघू द्या मला. वाजल्या. लागले. — गेले. आपापले गेले.

किल्ली मी सुषमाकडं देते. आमचे मालक सोसायटीत न्हाईत ना? ते पुढं गेलेत. ते तुम्हाला सांगूनच गेले असणार, सांगू नका, मला ऐकायचं न्हाई. तुम्ही निघा. पुलावर उसाच्या गाड्या असतात ह्या टायमाला, दौंडला पोचस्तोवर अंधार पडंल. मी मागनं एसटीनं येते, साडी बदलते आन् निघते. भावजींना काय सांगायचं ते मी आल्यावर सांगंन, तुम्ही मधी बोलू नका. तुम्ही एवढंच सांगा, मी येईस्तोवर पोरीच्या अंगाला कुणी हळद लावायची न्हाई.

निघा.